कान हाय, भांडं न्हाई

बंद खोलीसमोर ती आधी गप्प उभी राहायची. पदर कानामागे सारायची, मान जराशी कलती करायची आणि घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ तशीच थांबायची. मग हळूच म्हणायची, "बाई न्हातीया. बाप्या झोपल्याला हाय. फुडच्या खोलीकडं चल."

लोणावळ्याच्या ज्या हॉटेलात आम्ही दोघी खोल्या साफ करायचो, तिथला नियम असा, की दार तीनदा वाजवायचं, दर वेळी "हाऊसकीपिंग" म्हणायचं, आणि आतून काहीच आलं नाही तर कार्ड लावून उघडायचं. तीही नियमाने तीनदा वाजवायची. पण आत कोण आहे, कोण नाही, हे तिला त्याआधीच कळलेलं असायचं.

आम्ही तिला मावशी म्हणायचो. वय पंचावन्नच्या पुढे, गुडघे दुखणारे, आणि कान असे की बाहेरच्या बोळातून जाताना सांगावं, "हितला फ्लश गळतोय." प्लंबर यायचा, झाकण उघडायचा आणि तोंडात बोट घालायचा. सुपरवायझर मॅडम खालच्या मजल्यावर असल्या, तरी त्यांच्या कमरेच्या किल्ल्या मावशीला वर ऐकू यायच्या. "मोबाईल ठिवा आत. निगाल्या तिकडनं." आम्ही फडकी हातात घेऊन कामाला लागायचो आणि दोन मिनिटांनी मॅडम जिन्यात उगवायच्या. "आज काय गं, सगळ्या एवढ्या शिस्तीत?"

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. तुमच्याही कामावर असं एखादं माणूस असेल, ज्याला न शिकताच सगळं येतं. आपण तोंडाने त्याचं कौतुक करतो आणि मनात त्याच्याकडे काय काय आहे ते मोजत बसतो. माझं तसंच चाललं होतं.

मी हिंगोलीकडची. गावात शाळा आठवीपर्यंत. पुढची शाळा सात किलोमीटरवर. नववीत होते तेव्हा आई आजारी पडली आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे चुलत बहिणीबरोबर लोणावळ्याला आले. ती चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिचं लग्न झालं, ती गेली, मी राहिले. हॉटेलच्या मागे पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघी राहायचो. मला काम मिळालं, डोक्यावर छप्पर मिळालं, जेवण मिळालं, याचे उपकार मी रोज सकाळी मनात मोजायचे. आणि मोजून झाले की लगेच भीती वाटायची, की हे कोणी काढून घेतलं तर?

मावशी टाकवे बुद्रुकची. सकाळी जीपने कान्ह्यापर्यंत, तिथून लोकलने लोणावळा. डब्यात घरच्या इंद्रायणीचा भात, झाकण उघडलं की सगळ्या खोलीत वास. गेटवरच्या वॉचमनला "जय भीम" घालून आत यायची. माझ्या आईचाही दिवस तसाच सुरू होतो, त्यामुळे ते ऐकलं की बरंही वाटायचं आणि घर आठवायचंही. चार वाजले की तिच्या सुनेचा फोन. "आत्या, निगाला का? चहा ठिवू का?" मावशी चहा प्यायला रोज घरी जायची. मला गावाला पोचायला एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. तिचा मला किती हेवा वाटायचा ते काय सांगू. तिच्या कानांचा, भाताचा, सुनेचा, जीपचासुद्धा.

त्यात ती खुर्ची आली.

जिन्याखाली एक लहान खोली होती. टेबल, दोन फोन, लांब वही आणि चाकाची खुर्ची. खोलीतून पाहुण्याचा फोन आला की तो तिथे ऐकायचा, वहीत इंग्रजीत लिहायचं, खोली कुठली, हवंय काय, वेळ किती, आणि आमच्यातल्या कुणाला तरी वर पाठवायचं. त्या खुर्चीवरची मुलगी दिवाळीनंतर लग्न करून जाणार होती. मी हंगामापुरती होते. पावसाळ्याची गर्दी ओसरली की हंगामी बायकांना "कळवतो हं" म्हणून घरी धाडतात, आणि मग कुणी काही कळवत नाही. खुर्ची मिळाली तर मी राहणार होते. नाही मिळाली तर हिंगोली.

मॅडम म्हणाल्या, "बघू. फोन नीट ऐकणारी पाहिजे."

झालं. नीट ऐकणारी म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

एक दिवस चादरी घडी करताना मी तिला विचारलंच. "मावशी, तुम्ही कानाला काय करता?"

"काय करायचं? काय न्हाई."

"तेल?"

"न्हाई."

"मग मळ कसा काढता?"

"त्यो येतो आपसूक भाईर. आंगूळ झाली की पदरानं पुसती. झालं."

माझा विश्वास बसला नाही. आमच्या गावात एक शेजारीण होती. शेवभाजीची कृती सगळ्यांना सांगायची आणि त्यातला एक जिन्नस हटकून गाळायची. मला वाटलं, ही त्यातलीच.

आमच्याकडे प्रत्येक खोलीत न्हाणीघरात कागदाची छोटी डबी ठेवतात. त्यात कापूस लावलेल्या दोन काड्या, कान साफ करायला. पाहुण्याने डबी फोडून एकच वापरली तर उरलेली टाकून द्यायची असते. ती आम्ही खिशात घालायचो. बाकीच्या बायका त्यांनी लिपस्टिक पुसायच्या, कोणी शिवणयंत्राला तेल द्यायची. मी कान साफ करायला लागले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि पुढे पुढे दुपारीही. खरं सांगायचं तर फार बरं वाटायचं. काडी फिरली की डोळे आपोआप मिटायचे. मोबाईलवर त्याचे व्हिडिओही असतात, लोक कानातून काय काय काढतात आणि लाखो माणसं ते बघतात. मीही बघायचे. एवढी माणसं करतात, मोठ्या हॉटेलात पाहुण्यांसाठी मुद्दाम ठेवतात, मग ते चांगलंच असणार की.

एकदा मावशीने बघितलं.

"काय कोरतीस गं एवढं? कान हाय त्यो, भांडं न्हाई घासायला."

"मग हॉटेलवाले ठेवतात ते काय वेडे आहेत का?"

"हॉटेलवालं कागदाच्या चपलाबी ठिवत्यात. त्या घालून भाताच्या लावणीला जाती का?"

सगळ्या खिदळल्या. मी काडी खिशात घातली आणि मनात म्हटलं, बोला बोला. माझे कान तुमच्यासारखे झाले तर खुर्ची जाईल ना तुमची.

पंधरा-वीस दिवसांत उजव्या कानात कापूस कोंबल्यासारखं वाटायला लागलं. मी आणखी खोल साफ केलं. मग ते आणखी वाढलं. आईशी बोलताना फोन डाव्या कानाला लावायला लागले. चुकून उजव्याला लागला की "ऐकू येईना का गं तुला?" ती म्हणायची, आणि मी म्हणायचे, "रेंज नाही आई, डोंगर आहेत ना इथं." बंद होता तो माझा कान, पण ते कुणाला सांगणार? ज्या महिन्यात फोन ऐकणारी निवडायची, त्याच महिन्यात मी बहिरी व्हायला निघाले होते. मी उजवीकडच्या माणसाशी बोलताना पूर्ण वळून उभी राहायचे. मॅडमना वाटलं, ही फार आदब दाखवते.

मग ती सकाळ. तिसऱ्या मजल्यावरची खोली. मी तीनदा वाजवलं, तीनदा म्हटलं, सवयीने उजवा कान दाराकडे करून थांबले, कार्ड लावलं. आत एक पोट सुटलेले गृहस्थ अर्ध्या चड्डीवर, भिंतीला पाय लावून शीर्षासनात. मला बघून ते जे डगमगले, ते पलंगावर, पलंगावरून गालिच्यावर, आणि चहाचा ट्रे त्यांच्या मागोमाग. त्यांची बायको न्हाणीघरातून ओरडत आली. मी "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत उलट्या पावली बाहेर.

अर्ध्या तासात मॅडमनी बोलावलं. मावशीलाही बोलावलं, कारण त्या मजल्यावर आम्ही दोघी होतो.

"वाजवलं होतंस?"

"तीनदा, मॅडम. आतून आवाजच आला नाही."

"ते म्हणतात, ते दोनदा 'नंतर या' म्हणाले."

"नाही मॅडम. काहीच आवाज आला नाही. शपथ."

मॅडमनी मावशीकडे बघितलं. मला वाटलं, ही काही बोलणार नाही. बायका एकमेकींना सांभाळून घेतात.

"आला व्हता," मावशी म्हणाली. "मी जिन्यात व्हते, तितं ऐकू आला. हिला न्हाई आला. हिचा उजवा कान बंद हाय, म्हैना व्हत आला. आदी डाक्टरला दावा, मग काय बोलायचं ते बोला."

बाहेर आल्या आल्या मी तिला आडवी गेले. आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते तशी बोलले. "तुम्हाला खुर्ची पाहिजे म्हणून सांगितलंत ना? माझं पोट मारून बसा आता."

तिने बादली खाली ठेवली. रागावली नाही, हेच मला जास्त लागलं.

"खुर्ची पायजे की," ती म्हणाली. "कुनाला नको? पर कान बंद हाय त्यो हायच ना. उद्या दोन वाजता तयार ऱ्हा."

बाजारातल्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस पुण्याहून कानाचे डॉक्टर येतात. मावशीने अर्धा दिवस रजा टाकली आणि मला तिथे नेऊन बसवलं. डॉक्टरांनी दिवा लावून आत बघितलं. त्यांनी चिमट्याने काहीतरी बाहेर काढलं आणि ताटलीत ठेवलं. कापसाचा एवढासा बोळा, काळा पडलेला.

"हे कोणी ठासलं?"

"तिनंच," मावशी म्हणाली. "हॉटेलच्या काड्यांनी."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की कानाचा मळ ही घाण नव्हे, आतली कातडी तो स्वतःच बाहेर सरकवते. काडीने थोडा निघाल्यासारखा दिसतो आणि बाकीचा आत ढकलला जातो, बंदुकीत दारू ठासावी तसा. बाहेर जेवढा दिसेल तेवढा पुसायचा. आत काहीही घालायचं नाही, काडी नाही, पिन नाही, किल्ली नाही. नशीब की पडदा शाबूत होता. पाच दिवस थेंब घालून परत यायला सांगितलं.

मी मावशीकडे बघितलं. आता ती 'सांगितलं व्हतं ना' म्हणणार, म्हणून खांदे आवळून बसले होते. तिने फक्त केसपेपर नीट घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवला.

पाच दिवसांनी तीच परत आली बरोबर. डॉक्टरांनी नळी लावून कान मोकळा केला. दवाखान्याची पायरी उतरलो आणि सगळा बाजार माझ्या अंगावर आला. रिक्षा, चिक्कीवाल्याचं "या ताई, चव बघा", कुणाच्या तरी पिशवीचा चुरचुर आवाज, माझ्याच चपलांचा फटक फटक. मी दोन्ही हात कानांवर ठेवून रस्त्यातच उभी राहिले. मावशी पोट धरून हसली. "बघ, येवडं सगळं रोज ऐकती मी. आता कळलं माझं डोकं का दुखतं?"

तिची लोकल यायला वेळ होता. स्टेशनच्या बाकावर बसलो. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली.

"खुर्ची मी दोन डाव मागितली व्हती. आधीच्या मॅडमकडं येकदा, ह्या मॅडमकडं येकदा. गुडगं ऱ्हायलं न्हाईत गं. दोगीबी म्हनल्या, वही कोन लिवनार? मी दुसरीतनं सोडली शाळा." मग रुळांकडे बघत म्हणाली, "तू वहीत भराभरा नाव लिवायचीस सकाळी, हजेरीला. तवा माज्या पोटात आग पडायची. म्हनायचे, कुटनं आली ही मेली, काल आली आन लिवती बी."

जिच्यावर मी चार महिने जळत होते ती माझ्यावर जळत होती, आणि कशासाठी, तर माझ्या अर्ध्यात सुटलेल्या नववीसाठी. त्या नववीची मला जन्मभर लाज वाटत आली होती.

"मग मला इथं का आणलंत?" मी विचारलं. "गप्प बसला असता तर मी गेलेच असते."

"तुजा कान गेला म्हनून मला लिवता येनार हाय का?" ती म्हणाली. लोकल आली. ती एक पाय आधी, मग दुसरा, असं करून चढली.

खुर्ची मला मिळाली. मॅडमनी कान तपासल्याचा कागद बघितला, एकदा चक्क बाहेर उभं राहून माझ्याशी फोनवर बोलून बघितलं, आणि म्हणाल्या, बस उद्यापासून. मी त्या संध्याकाळी आईला फोन केला, उजव्या कानाला लावून. ती रडली ते मला स्वच्छ ऐकू आलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी बरी ठरले असते. पुढचं सांगायला हवं.

महिन्याभराने जेवणाच्या सुट्टीत मावशी माझ्या टेबलापाशी आली. "मला ती इंग्रजी अक्षरं शिकवशील का? लय न्हाई. वहीत लागत्यात तेवडीच." मी म्हटलं, "हो मावशी, का नाही." दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज फोन फार आहेत. तिसऱ्या दिवशी म्हटलं, सोमवारी निवांत बसू. सोमवारी शनिवार-रविवारच्या हिशोबाचं कारण काढलं. ती चार-पाच वेळा आली, हातात नातवाची जुनी वही घेऊन. मग यायची थांबली. मी सुटले. कान असे आणि वर लिहायलाही आलं, तर खुर्चीवर कोण बसणार, हे मला कोणी सांगायला नको होतं. ज्या बाईने माझा कान वाचवला तिला मी सव्वीस अक्षरं दिली नाहीत. तुम्ही मला नावं ठेवलीत तर चालेल. मीही ठेवते.

उन्हाळ्यात तिच्या गुडघ्यांनी जिना चढायचं नाकारलं. मुलाने सांगितलं, पुरे आता, आणि तिने महिनाअखेरीस काम सोडलं. शेवटच्या दिवशी दुपारी ती निरोप घ्यायला आली तेव्हा मी उठले आणि तिला खुर्चीत बसवलं. हट्टाने बसवलं. ती आखडून बसली, पाय जमिनीला नीट टेकेनात. चाकं जराशी सरकली तसं तिने टेबल घट्ट धरलं. "पळती की गं ही," म्हणून हसली.

तेवढ्यात फोन वाजला. मी हात पुढे केला, मग मागे घेतला. "घ्या तुम्हीच."

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी उचलला. "व्हय, बोला." मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मध्येच "व्हय," मध्येच "आसं का." फोनवरच्या पाटीवर २०७ दिसत होतं. त्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ एकटेच उतरले होते. तीन दिवस त्यांचे फोन मीच घेत होते. टॉवेल, चहा, पुन्हा टॉवेल. मी मनात त्यांचं नाव किरकिरे ठेवलं होतं.

तिने फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"दोन टावेल." मग पदर सावरत म्हणाली, "दर साली दोगं यायची म्हनं, ह्याच खोलीत. औंदा येकलंच आल्यात. टावेल धाड, पर वाईच थांबून धाड. रडत्यात."

"ते तुम्हाला म्हणाले? रडतोय म्हणून?"

"म्हनत्यात व्हय कोन?"

मी तिथेच उभी होते, दोन्ही कान स्वच्छ, पडदा शाबूत, आणि मला तिचा पुन्हा तितकाच हेवा वाटला. पहिल्यापेक्षा जास्त वाटला. तीन दिवस मी तोच आवाज ऐकला होता.

तिने हात पुढे केला. मी तिला धरून उठवलं. तिने माझ्या गालावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "ये टाकव्याला. भात खायला."

मी खुर्चीत बसले, वही ओढली आणि लिहिलं. २०७. टॉवेल, दोन. पुढचा रकाना वेळेचा. वाईच म्हणजे किती, पाच मिनिटं की अर्धा तास, ते विचारायला मी मान वर केली. दारात कोणी नव्हतं. ती गेटपर्यंत पोचली असावी, वॉचमनशी बोलणं ऐकू येत होतं. हाक मारली असती तर तिला नक्की ऐकू गेली असती. मी मारली नाही. हातात पेन धरून, त्या रिकाम्या रकान्याकडे बघत, वरच्या मजल्याचा कानोसा घेत बसले.